सायटेशनचा हिशेब : फलटणची मेंढी आणि सांगलीची हळद

वर्षाच्या उत्तरार्धात, साधारण गणपती-नवरात्राच्या दिवसांत, ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादी प्रसिद्ध होते. पाठोपाठ सातारा-सांगलीच्या जिल्हा आवृत्त्यांत सत्काराच्या बातम्या येतात. शाल, श्रीफळ, संस्थेचे पदाधिकारी, छायाचित्र. यादीला स्टॅनफर्डचे नाव चिकटलेले असते, पण ती त्या विद्यापीठाने दिलेली पदवी नव्हे. तिथले प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सेव्हिअर कंपनीच्या ‘स्कोपस’ या माहितीसाठ्यावरून ती तयार करतात. २०१९ मध्ये त्यांनी ही यादी ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात मांडली. लेखकांच्या नावांचा क्रम, सहलेखकांची संख्या असे घटक तिच्यात धरलेले आहेत, पण मुळाशी मोजणी एकाच गोष्टीची: या माणसाच्या निबंधांचा आधार इतर निबंधांनी किती वेळा घेतला. प्राध्यापकांच्या बोलण्यातला शब्द वापरायचा तर, सायटेशन किती.

या मोजणीवर गेली काही दशके वाद चालू आहे. त्याचा आढावा घेताना मी रेणवीय जीवशास्त्राची उदाहरणे घेतली आहेत. सायटेशनचे सर्वांत मोठे आकडे या शाखेत आणि तिच्या शेजारच्या शाखांत दिसतात, आणि या मोजणीविरुद्धचा सर्वांत संघटित आवाजही पेशी-जीवशास्त्रज्ञांतूनच उठला. त्यातली दोन उदाहरणे आपल्या दारातली आहेत.

मोजणी सुरू कशी झाली

१९५५ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’मध्ये एक सूचना केली. जुना निकाल पुढे कोणत्या निकालांत उद्धृत झाला हे दाखवणाऱ्या सूची अमेरिकेतले वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. तशीच सूची विज्ञानासाठी का नसावी? त्यातून १९६०च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला. हेतू शोधण्याचा होता, माणसे तोलण्याचा नव्हता. एखादी कल्पना पुढे कुणी वापरली, कुणी खोडली, हे ग्रंथालयात बसून कळावे एवढेच. नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ही आधी कोणती नियतकालिके सूचीत घ्यावीत हे ठरवण्यासाठी होता. तो पुढे नेमणुकीच्या मुलाखतीत जाऊन बसला.

आकडे गोळा होऊ लागल्यावर चमत्कारिक गोष्टी दिसल्या. ‘नेचर’ने २०१४ मध्ये आजवर सर्वाधिक उद्धृत झालेल्या शंभर निबंधांची यादी छापली. पहिला क्रमांक ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१च्या निबंधाचा. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याची कृती त्यात आहे. सायटेशन तीन लाखांहून अधिक. दुसऱ्या क्रमांकावरही प्रथिने वेगळी करण्याची कृतीच. यादीत शिरायला बारा हजारांवर सायटेशन लागत होती, आणि वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३चा निबंध त्या शंभरांत नव्हता. कारण साधे आहे. कृती वापरणाऱ्याला तिचा उल्लेख दर वेळी करावा लागतो. महान शोध मात्र लवकरच पाठ्यपुस्तकात जातो, आणि मग त्याला आधार देण्याची गरज कुणाला वाटत नाही.

दुसरी तऱ्हा आढावा-निबंधांची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे एनसीएलमधल्या माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे यांनी १९९८ मध्ये सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएज विकरांवर एक सविस्तर आढावा लिहिला. जगभर तो हजारो वेळा उद्धृत झाला आहे. एवढे विखुरलेले साहित्य एका जागी मांडणे हे थोर काम, यात शंका नाही. पण आढावा आणि मूळ प्रयोग यांची सायटेशन एकाच मापाने मोजावीत का, हा प्रश्न तेव्हापासून जिथल्या तिथे आहे.

२००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एका संशोधकाची कारकीर्द एका आकड्यात आणली. ज्याच्या तीस निबंधांना प्रत्येकी निदान तीस सायटेशन आहेत, त्याचा एच-निर्देशांक तीस. हा आकडा कधी कमी होत नाही, संशोधक निवृत्त झाला तरी वाढत राहतो, आणि गुगल स्कॉलरवर जेवढा दिसतो तेवढा स्कोपसवर दिसत नाही. शाखेशाखेतही फार फरक पडतो. रेणवीय जीवशास्त्रातल्या निबंधाखाली चाळीस-पन्नास संदर्भ सहज असतात, गणितात त्याहून बरेच कमी. त्यामुळे एकाच महाविद्यालयातल्या दोन विभागांची या आकड्यावर तुलना करणे अडचणीचे ठरते, तरी ती होते.

विद्यापीठाच्या दारी

सातारा आणि सांगली ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रातली जिल्ह्यांची जोडी. विद्यापीठ १९६२चे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय त्याच्याही आधीचे, १९१९चे, आणि त्याच वर्षी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात झाली. इथल्या परंपरेचा कणा अध्यापन हा आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचे, प्रात्यक्षिकांची तयारी, परीक्षा, आणि उरलेल्या वेळात संशोधन.

२०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदोन्नतीसाठी गुणांकन आणले. एपीआय हा शब्द त्यानंतर प्रत्येक स्टाफरूममध्ये पोचला. निबंधाला गुण मिळू लागल्यावर निबंध छापून देणारी दुकाने निघाली. २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली, तर तीतच अशी नियतकालिके निघाली. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची तपासणी मांडली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांतून त्यांनी एक हजार नऊ तपासली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या प्रतीची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. खोटा इम्पॅक्ट फॅक्टर, चुकीचा आयएसएसएन क्रमांक, पत्ता किंवा संपादक यांचा पत्ताच नाही, असे दोष होते. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांवर नियतकालिके यादीतून काढली. पुढे ‘केअर’ यादी आली आणि तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बसला. २०२२च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती गेली, आणि २०२५च्या सुरुवातीला केअर यादीच बंद झाली. नियतकालिकाची पारख आता संस्थांनीच करायची आहे.

एकीकडे निबंधांची सक्ती सैल होत असताना दुसरीकडे २०१६ पासूनच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत संशोधनाच्या रकान्यात प्रकाशने आणि सायटेशन मोजली जातात. क्रमवारी खाली गेली की प्रवेशांवर परिणाम होतो, म्हणून व्यवस्थापन प्राचार्यांना विचारते, प्राचार्य विभागाला. दट्ट्या गेला नाही, त्याची दिशा बदलली.

फलटणचे जनुक

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ मध्ये बी. व्ही. निंबकर यांनी स्थापन केली. तिथले मेंढ्यांवरचे काम या वादासाठी फार बोलके आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

दख्खनी मेंढी काटक. दुष्काळात तगते, मैलोन्‌मैल चालते. पण एका वेताला बहुधा एकच कोकरू. सुंदरबनातली गारोल मेंढी याच्या उलट: दहा-पंधरा किलोंचे किरकोळ जनावर, पण जुळी-तिळी सर्रास. ऑस्ट्रेलियात बुरुला नावाच्या मेरिनो कळपातही हा गुण होता. १८व्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने तिकडे गेल्या होत्या, तेव्हा नाते असावे असा तर्क होता. २००१ मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंडमधल्या तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले, की बीएमपीआर-१बी या जनुकातला एक बदल बीजांडांची संख्या वाढवतो. या बदलाला ‘फेक-बी’ म्हणतात. पुढच्याच वर्षी गारोल मेंढीतही अगदी तोच बदल सापडला आणि तर्काला पुरावा मिळाला.

फलटणला चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी गारोलमधला हा गुण दख्खनी मेंढीत उतरवण्याचे काम १९९०च्या दशकातच हाती घेतले होते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांची आणि तिथल्या सरकारी निधीची साथ होती. जनुक-चाचणीसाठी पुण्याची एनसीएल होती. चाचणीचे महत्त्व मेंढपाळाला चटकन कळते. जुळी होण्याचा गुण मेंढ्यात, म्हणजे नरात, दिसणारच कसा? पूर्वी त्याच्या मुली वयात येऊन विण्याची वाट पाहावी लागे. आता कोकराच्या रक्ताच्या थेंबभर नमुन्यावरून तो पैदाशीला ठेवायचा की नाही हे ठरते. पुन्हा पुन्हा दख्खनी रक्त मिसळून गारोलची खुजी चण मागे टाकायची आणि ते एक जनुक तेवढे पुढे न्यायचे, असे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी उभी राहिली. मग खरी परीक्षा धनगरांच्या कळपांत. दोन कोकरांना पुरेल एवढे दूध उतरते का, चारा कमी पडला तर काय, भटकंतीत दुसरे कोकरू जगते का. जनुकाचा शोध लागल्यावर हे प्रश्न संपत नाहीत, ते तिथून सुरू होतात.

सायटेशनच्या खात्यात काय दिसते? २००१चे तीन निबंध शेकडोंनी उद्धृत झाले, आणि ते रास्तच आहे. कळपांतल्या कामाचे निबंध पशुपैदाशीच्या नियतकालिकांत आणि परिषदांच्या वृत्तांतांत आहेत. ते वाचणारे कमी, उद्धृत करणारे त्याहून कमी. लोणंदच्या बाजारात मेंढी विकणारा माणूस शोधनिबंध लिहीत नाही, त्यामुळे त्याने घेतलेला उपयोग कोणत्याही माहितीसाठ्यात नोंदला जात नाही.

सांगलीची हळद आणि कर्क्युमिनचा डोंगर

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे सौदे, हरिपूरची जमिनीखालची पेवे, राजापुरी हळकुंडे हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून ‘कृष्णा’, ‘फुले स्वरूपा’ अशी वाणे निघाली. हळदीतले पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, वजनाच्या साधारण दोन ते पाच टक्के. १८१५ मध्ये ते वेगळे काढले गेले, १९१० मध्ये त्याची रचना कळली. आणि १९९०नंतर रेणवीय जीवशास्त्रात त्याचे निबंध पावसाळ्यातल्या तणासारखे वाढले.

या वाढीत सर्वांत मोठे नाव भरत अगरवाल यांचे. जन्म पंजाबातला, पीएच.डी. बर्कलीची. १९८०च्या दशकात जेनेनटेक कंपनीत असताना त्यांच्या गटाने टीएनएफ हे दाह घडवणारे प्रथिन शुद्ध केले. हे काम भक्कम मानले जाते, आणि टीएनएफला आवर घालणारी औषधे आज संधिवातावर वापरली जातात. १९८९ पासून ते टेक्सासच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात होते. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने लिहिले की कर्क्युमिन ‘एनएफ-कप्पा-बी’ या दाहाच्या रेणवीय कळीला दाबते. (ही कळ १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधली होती.) तिथून पुढे निबंधांमागून निबंध, आढाव्यांमागून आढावे. ते जगातल्या सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या जीवशास्त्रज्ञांत गणले जाऊ लागले. नंतर त्यांच्या काही निबंधांतल्या प्रतिमांविषयी शंका निघाल्या. २०१६ मध्ये ‘बायोकेमिकल फार्मकॉलॉजी’ने त्यांचे सात निबंध एकदम मागे घेतले. त्यांतल्या माहितीची विश्वासार्हता शंकास्पद झाल्याचे संस्थेने नियतकालिकाला कळवले होते. आज मागे घेतलेल्या त्यांच्या निबंधांची संख्या पंचवीसच्या पुढे आहे.

एका माणसावर सगळे ढकलून हा प्रश्न सुटत नाही, कारण दुसरी अडचण रेणूतच आहे. २०१७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त कर्क्युमिनचा ताळेबंद मांडला. हा रेणू स्वतः चमकतो, प्रथिनांना चिकटतो, धातूंना धरून ठेवतो, पाण्यात लवकर विघटन पावतो. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्या त्याच्या बाबतीत ‘परिणाम झाला’ असे उत्तर देतात, परिणाम नसला तरी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणाऱ्या कुत्र्याच्या भुंकण्यावरून चोर ओळखता येत नाही, तसे हे. शिवाय पोटात घेतल्यावर ते रक्तात फारच थोडे पोचते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मिरीतल्या पायपेरिनमुळे हे शोषण वाढते असे दाखवले होते, ते याच अडचणीवर. शंभरावर वैद्यकीय चाचण्या होऊनही काटेकोर, दुहेरी-अंध चाचणीत यश आले नाही, असे नेल्सन यांचे म्हणणे. त्यावर ‘नेचर’मध्ये मिखाल हेगर यांनी आक्षेप घेतला: अनुकूल निष्कर्ष देणाऱ्या चाचण्याही आहेत, त्या सरसकट झटकू नयेत. वाद मिटलेला नाही. हळद निरुपयोगी आहे असे यातून सिद्ध होत नाही. एका रेणूवरच्या साहित्याची उंची आणि त्याची पक्केपणाची पातळी वेगवेगळी असू शकते, एवढेच दिसते.

हळदीचाच एक जुना प्रसंग इथे आठवतो. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पुराव्यात जुने ग्रंथ होते आणि १९५३ मधला, भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला एक निबंधही होता. त्या निबंधाला सायटेशन किती, असे कुणी विचारले नसणार.

तीन भूमिका

मोजणीचे समर्थक म्हणतात, आकडा नव्हता तेव्हा काय होते ते आठवा. कोण कुणाचा विद्यार्थी, कुणाची शिफारस, कोणती जात, कोणते शहर. आटपाडी किंवा पाटणच्या महाविद्यालयातल्या संशोधकाला दिल्ली-मुंबईत ओळखणारे कुणी नसते. त्याचा निबंध दक्षिण कोरियात वापरला गेला तर निदान ती नोंद खोडता येत नाही. आकडा स्वस्त आहे, उघड आहे, आणि मोठ्या संख्येत पाहिले तर तो अगदीच दिशाहीन नाही. या युक्तिवादात, विशेषतः आपल्याकडच्या निवड समित्यांचा अनुभव असलेल्यांना, बरेच तथ्य वाटेल. मलाही वाटते.

विरोधकांचा आवाज डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, अमेरिकन पेशी-जीवशास्त्र संघटनेच्या अधिवेशनात एकत्र आला. ‘डोरा’ या नावाने ओळखला जाणारा त्यांचा जाहीरनामा सांगतो, की नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका, निबंध वाचा. माप हेच ध्येय झाले की माप बिघडते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पुरावाही साचत गेला आहे: स्वतःलाच उद्धृत करणे, एकमेकांना उद्धृत करण्याची साखळी, पैसे घेऊन निबंध लिहून देणारे कारखाने. ‘सर्वाधिक उद्धृत’ संशोधकांची यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ मध्ये हजारावर आणि २०२४ मध्ये दोन हजारांवर नावे संशयामुळे बाहेर ठेवली.

२०१५चा ‘लायडन जाहीरनामा’ मधली वाट धरतो. आकडे वापरा, पण तज्ज्ञांच्या मताला आधार म्हणून, त्याऐवजी नव्हे. शाखेनुसार तुलना करा, संशोधकाला आपली माहिती तपासू द्या. त्याच्या दहा तत्त्वांतले एक स्थानिक उपयोगाच्या उत्तम संशोधनाला जपा असे सांगते. फलटण आणि डिग्रजच्या दृष्टीने कामाचे तत्त्व हेच, आणि अमलात आणायला सर्वांत अवघडही हेच.

न सुटलेले प्रश्न

सायटेशनला चिन्ह नसते. नेल्सन यांनी टीकेसाठी उद्धृत केलेला निबंधही एकने वाढतो. कौतुक, खंडन आणि नुसता उपचार म्हणून केलेला उल्लेख हे वेगळे करण्याचे संगणकीय प्रयत्न चालू आहेत, पण त्यांवर अजून कुणी पदोन्नती ठरवावी अशी स्थिती नाही. मागे घेतलेले निबंध नंतरही उद्धृत होत राहतात, ते वजा करावेत का? इओनिडिस यांच्याच गटाने २०२५ मध्ये पाहिले, की संपूर्ण कारकिर्दीच्या यादीतल्या दोन लाख सतरा हजार संशोधकांपैकी ३.३ टक्क्यांचा निदान एक निबंध मागे घेतला गेला होता. प्रामाणिक चुकीमुळे मागे घेतलेला आणि लबाडीमुळे मागे घेतलेला, दोघांना एकच शिक्षा द्यावी का, याचे उत्तर अजून ठरायचे आहे. भीतीने कुणी चूक कबूलच करायचा नाही, ही दुसऱ्या बाजूची चिंताही खोटी नाही.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे बोलला जात नाही. मराठी विश्वकोशाचे काम वाईहून चालले. त्यातल्या जीवशास्त्राच्या नोंदींवर शिकलेल्या पिढ्या आहेत, पण त्या नोंदींचा एच-निर्देशांक निघत नाही. शेतकऱ्यांसाठी मराठीत लिहिलेली वाणाची माहितीपुस्तिका स्कोपसला दिसत नाही. २०२२ मध्ये आलेला ‘ओपनअ‍ॅलेक्स’सारखा खुला माहितीसाठा हे क्षेत्र काहीसे रुंद करतो, पण मुळात संदर्भसूची नसलेले लेखन त्यातही येणार कसे?

सर्वांत व्यवहारी प्रश्न वाचण्याचा आहे. आकडा नको तर निबंध वाचा, हे सांगणे सोपे. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीने २०१९ मध्ये आकड्यांऐवजी कामाचे वर्णन मागणारा परिचय-नमुना काढला. आपल्याकडे इंडिया अलायन्ससारख्या निधी देणाऱ्या संस्थेने डोरावर सही केली आहे. पण जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या पदासाठी कोल्हापुरात बसलेल्या समितीपुढे अर्जांचा गठ्ठा असतो आणि दिवस एकच. प्रत्येक उमेदवाराचे दोन-तीन निबंध त्या विषयातल्या माणसाने मुलाखतीआधी वाचायचे, मेंढीचे काम मेंढीच्या कळपात आणि हळदीचे काम हळदीच्या शेतात जाऊन पाहायचे, तर त्यासाठी वेळ कोण देणार, मानधन कोण देणार आणि त्याच्या मतावर अपील कुठे करायचे, हे कोणत्याही जाहीरनाम्याने अजून सांगितलेले नाही.